खिडकीजवळचं टेबल

"माफ करा, पण ही माझी खोली आहे."

"गंमतच आहे... माझ्या किल्लीनंही हीच उघडली!"

तो दारात उभा होता. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात कुंडी. कुंडीतलं रोप इतकं मलूल, की मला त्याच्याआधी रोपाचीच काळजी वाटली.

पीएच.डी. संपवून मी नुकतीच या विद्यापीठात संशोधक म्हणून रुजू झाले होते. विषय, लोकशाही आणि विविधता. नेमणूक एका वर्षाची. वर्षाच्या शेवटी समितीपुढे व्याख्यान द्यायचं, ते पटलं तरच दुसरं वर्ष. हा त्याच प्रकल्पात मतमोजणीच्या पद्धतींवर काम करायला आला होता.

कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "खोली एकच आहे, टेबलं दोन आहेत. लोकशाहीचाच अभ्यास करताय ना दोघं? मग घ्या जमवून!"

टेबलं दोन, पण खिडकी एकच.

"मतदान घेऊ या?" तो म्हणाला.

"एकास एक. झाला निकाल."

"मग पटवून द्यावं लागणार... माझ्या रोपाला ऊन लागतं हो."

"रोप खिडकीत राहील. तुम्ही भिंतीकडे."

"म्हणजे रोपाला हक्क आहे, मला नाही?"

मला हसू आवरेना. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी 'मोजणीवाले' झाला आणि मी त्याच्यासाठी 'तत्त्वज्ञ बाई'.

आमच्या विभागात एक जुना नियम होता. मंगळवारच्या चर्चेत कुणाला आक्षेप घ्यायचा असेल, तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं. समोरचा "हो, हेच" म्हणाला, की मगच आपलं तोंड उघडायचं. हळूहळू हा नियम आमच्या खोलीतही शिरला.

"तुमचं म्हणणं असं," पंख्याकडे बघत तो म्हणे, "की पंखा तीनवर असला की तुमचे कागद उडतात आणि त्याबरोबर डोकंही फिरतं."

"डोक्याबद्दल मी काही बोलले नव्हते."

"मग 'हो, हेच' नाही? थांबा, पुन्हा मांडतो..."

आणि मी मुद्दामच तीन-तीनदा "नाही" म्हणत असे.

आईचा फोन यायचा तो दुपारी. एकदा तिनं विचारलं, "काय म्हणतोय तुझा मोजणीवाला?"

"माझा कुठला? खोलीतला आहे तो."

"आज चौथ्यांदा विषय काढलास त्याचा."

"तू मोजतेस, आई?"

"आईला मोजावं लागतं गं."

बघता बघता वर्ष सरलं. शुक्रवारी समितीपुढे उभं राहायचं होतं. मंगळवारी विभागात रंगीत तालीम होती आणि आक्षेप घ्यायचं काम त्याच्याकडे. माझा मुद्दा होता, की निर्णय ज्यांच्या विरोधात जातो त्यांचंही मनापासून ऐकलं गेलं, तरच ते लोकशाहीला आपली मानतात. त्यानं तो इतका सुरेख मांडला, की मी पहिल्याच खेपेला "हो, हेच" म्हणून टाकलं.

मग त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि कागदाची घडी घातली.

"माझा काही आक्षेप नाही."

टाळ्या पडल्या. मी मात्र त्या कागदावरच्या चार ओळी लांबूनच पाहिल्या होत्या.

खोलीत आल्या आल्या मी विचारलं, "काय लिहिलं होतं?"

"काही नाही."

"मोजणीवाले!"

"शुक्रवार तुमच्यासाठी किती मोठा आहे, ठाऊक आहे मला. सगळ्यांसमोर तुमचा चेहरा उतरलेला... नसता बघवला."

"वर्षभर पंख्यावरून भांडलात, आणि खरं भांडायची वेळ आली तेव्हा मला सांभाळून घेतलंत? समितीनं तोच प्रश्न विचारला तर?"

त्यानं घडी केलेला कागद खिशात सरकवला. मी तरातरा निघून गेले.

बुधवारी सकाळी कुंडीखाली घडी केलेला तो कागद होता. 'हरणाऱ्याचं ऐकावं, मान्य. पण जो बोलतच नाही, त्याचं काय? कुणी भीतीनं गप्प असतो, कुणी सवयीनं... ही लोकशाही बोलक्यांचीच झाली.' 'सवयीनं'च्या पुढे आणखी काही लिहून खोडलं होतं. मी कागद उजेडात धरला.

'कुणी समोरची व्यक्ती फार आवडते म्हणून.'

मी कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मागे भिंतीकडे त्याची खुर्ची कुरकुरली. मी वळले नाही... व्याख्यान पुन्हा लिहायचं होतं ना!

शुक्रवारी अध्यक्षबाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला. "आणि जे गप्प राहतात त्यांचं काय?"

"वाट बघत बसणं म्हणजे ऐकणं नव्हे," मी म्हणाले. "ज्याचा आवाज येत नाही, त्याच्याकडे आपण उठून जायला हवं. विचारायला हवं."

त्या हसल्या. तासाभरात निकाल कळला. दुसरं वर्ष मिळालं होतं!

खोलीत तो रोपाला पाणी घालत होता. त्याला आता सात नवी पानं आली होती.

"मिळालं?"

"मिळालं."

त्याचा चेहरा उजळला. "छान," एवढंच म्हणाला आणि आपल्या भिंतीकडे जाऊन बसला.

माझ्या टेबलापासून भिंतीपर्यंत चार पावलं. वर्षभरात मी ती कधीच चालले नव्हते.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" मी त्याच्यासमोर उभी राहून विचारलं.

तो दचकला. मग हळूच म्हणाला, "नियमाप्रमाणे... आधी तुमचं म्हणणं मांडतो."

"मांडा."

"तुमचं म्हणणं असं, की मी घाबरट आहे. तुमच्या भल्याचं काय ते मी परस्पर ठरवलं, तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

"पुढे?"

"आणि इतका राग परक्या माणसाचा येत नाही. म्हणजे तुम्हालाही मी..." त्याचे कान लालबुंद झाले.

"बोल ना."

'बोल' ऐकून त्यानं झटकन वर पाहिलं.

"तुलाही मी... आवडतो."

"हो," मी म्हणाले, "हेच."

तेवढ्यात फोन वाजला.

"मिळालं का गं?" आईला धीर नव्हता.

"मिळालं, आई!"

"देव पावला! आणि आज अजून एकदाही त्याचा विषय नाही काढलास? भांडलात की काय?"

मागे काहीतरी करकरत जमिनीवरून ओढलं जात होतं. मी वळून पाहिलं.

"नाही गं... टेबल सरकवतोय तो. खिडकीकडे."