गुढीपाडव्यापर्यंत

बिभीषण माझ्या क्लासला आला तो चुकून. पाथर्डीच्या पेठेत झेरॉक्सवाल्याचा जिना समजून माझा जिना चढला. मी फळ्यावर ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’ लिहीत होते.

“आपल्याला वाटतं ते ‘बोअर्ड’. तसं वाटायला लावतो तो ‘बोअरिंग’. वाक्य कोण करतं?”

दारातून आवाज आला, “आय ॲम बोअरिंग.”

वर्ग खो खो हसला. त्याचे कान लालेलाल...

“म्हणजे तुम्ही दुसऱ्यांना कंटाळा आणता,” मी म्हणाले.

“तसं न्हाई, मॅडम. इचारा कुनालाबी.”

दुसऱ्याच दिवशी त्यानं नाव घातलं. नगरच्या एमआयडीसीत मुलाखतीला इंग्रजी विचारतात म्हणे. बसायचा मागे, पण जायचा सगळ्यांत शेवटी.

“मॅडम, ‘इंटरेस्टिंग’ कोन?”

“धडा.”

“आन ‘इंटरेस्टेड’?”

“...ते डस्टर द्या इकडे.”

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्याच्यापुढे मात्र—जाऊ दे. तो आला नाही की भरलेला वर्गही मला रिकामा वाटायचा.

नोकरी काही लागली नाही. दिवाळी झाली तसा तो म्हणाला, “उद्या टोळीसंगं चाललोय. ऊस तोडायला, कोल्हापूरकडं. आई पोरगी बघतीय. एकट्याला अर्धा कोयता म्हनत्यात, जोडी असली तरच पुरा.”

“मग?” मी विचारलं.

“तुमी सांगा.”

आणि मी, मनातलं कसं बोलावं ते गावाला शिकवणारी, गृहपाठ देऊन मोकळी झाले! घरापर्यंत स्वतःला शिव्या घालत गेले.

सकाळी टोळीचा ट्रक स्टँडमागे उभा होता. भांडी, कोयते, कोंबड्या, माणसं. मला पाहून तो उठला. मी त्याच्या आईसमोर गेले.

“रंगुमावशी, ह्यांच्यासाठी पोरगी बघू नका.”

“का वं बाई?”

“मी आहे.”

रंगुबाईंनी माझे हात धरून उलटेपालटे करून पाहिले. नखांत खडू अडकलेला.

“ह्या हातांनी ऊस न्हाई तुटायचा.”

“नाही तुटायचा.”

त्यांनी पोराकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता...

“मंग यंदा त्यो एकटाच राबंल,” त्या सुस्कारल्या. “गुढीपाडव्याला माघारी येतो आमी. तवर थांबशील?”

ट्रक हलला.

“थांबते!” मी मागून ओरडले.

पाच महिने होते अजून. फुफाटा खाली बसेपर्यंत मी तिथंच उभी राहिले आणि आलेलं रडू भर स्टँडवर रडून घेतलं.