पोचली का?

दार लोटून घ्या. आणि ते मोबाइल जरा पालथे ठेवा. तुम्ही सगळी कंप्युटरवर पोट भरणारी पोरं, म्हणून मुद्दाम सांगतोय. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि त्या रात्रीपासून त्याने खोटं बोलणं सोडलंय.

त्याला सगळे झटपट म्हणायचे. कामाला वाघ, पण दम म्हणून नाही. एका स्कॅन सेंटरमध्ये तो रात्रपाळीला होता. दिवसभरात पेशंटांचे जे स्कॅन निघतील, त्यांच्या फाइली रात्री मोठ्या डॉक्टरांच्या कंप्युटरवर पाठवायच्या, एवढंच काम. फाइली जड आणि लाइन बारीक, त्यामुळे त्या रांगेत उभ्या राहायच्या आणि एकेक करून जायच्या. एखादी अडकली तर सोडवायची, तुटली तर पुन्हा रांगेत लावायची. गेली की तिच्यापुढे हिरवा रंग.

जोडीला मामा. कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे मामा. त्यांचा त्या हिरव्या रंगावर काडीचा विश्वास नव्हता. फाइल गेली की पलीकडे फोन लावायचे, "पोचली का?" विचारायचे, आणि 'हो' ऐकलं की मगच आपल्या वहीत हिरव्या पेन्सिलीने टिक मारायचे. झटपट चिडवायचा, "मामा, जेवण पोटात पोचलं का, तेही फोन करून विचारत जा!" मामाही हसायचे.

एका रात्री मामांच्या चार नंबरच्या मशीनवर एक फाइल अडकली. एका शिक्षिकेच्या डोक्याचा स्कॅन होता, तातडीचा. मामा म्हणाले, "ही गेल्याशिवाय उठायचं नाही," आणि तोंडावर पाणी मारायला गेले. झटपटला झोप अनावर झालेली. त्याने मामांच्या मशीनवर त्या फाइलीपुढे हातानेच 'पूर्ण' करून टाकलं. झालं हिरवं. मामा आले आणि फोन उचलणार, तेवढ्यात हा म्हणाला, "मी केला फोन. पोचली."

मामांनी विश्वास ठेवला. टिक मात्र मारली नाही. स्वतःच्या कानांनी ऐकलं नव्हतं ना.

फाइल गेलीच नव्हती. दोन दिवसांनी ते उघडकीला आलं, तोवर त्या बाईंची दृष्टी गेली होती. मशीन मामांचं, नोंद मामांच्या नावाची. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्यांना फैलावर घेतलं. मामा नुसते झटपटकडे बघत राहिले, हा आता बोलेल, आता बोलेल म्हणून. आणि झटपट स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. उजव्या बुटाची नाडी सुटली होती, हे त्याला अजून आठवतं. सांगतानाही तो मान वर करत नाही.

मामांची नोकरी गेली. चार महिन्यांत मामाही गेले. बेजबाबदार माणूस, एवढंच मागे राहिलं त्यांच्या नावाला.

त्यानंतर आणखी चार महिन्यांनी, मंगळवारी रात्री. दोन वाजून दहा मिनिटं. झटपट एकटाच होता. अकरा फाइली होत्या, अकराही गेल्या. तो जॅकेट घालून उठला.

रांगेत बारावी फाइल आली.

पाठवणारं मशीन, चार नंबर. पेशंट, तीच शिक्षिका.

चार नंबर तर मामांना काढलं त्याच आठवड्यात वायरी काढून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं.

त्याने फाइल रद्द केली. ती परत आली. थांबवून ठेवली. आपोआप सुरू झाली. चाळीस टक्के... साठ... नव्वद...

नव्याण्णववर थांबली.

टेबलावरचा फोन वाजला.

"पोचली का?"

मामांचाच आवाज. दमलेला. रागाचा लवलेश नाही.

 बघा माणसाची जात... तेव्हासुद्धा झटपट म्हणाला, "पोचली."

फोन कट.

स्क्रीनवर फाइल पुन्हा शून्यावर.

चाळीस... साठ... नव्याण्णव. फोन.

"पोचली का?"

"पो... पोचली, मामा."

कट. शून्य.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो रडत होता. भीतीने नाही. लाजेने.

"पोचली का?"

"नाही. नाही पोचली, मामा. मी फोन केलाच नव्हता. 'पूर्ण' मीच केलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि मी... मी बुटांकडे..."

पलीकडून एक बारीक आवाज.

 कागदावर पेन्सिल ओढल्याचा.

फोन बंद झाला. रांग रिकामी. घड्याळात दोन चाळीस.

सकाळी मॅनेजर आल्या आल्या झटपटने सगळं सांगून टाकलं. लेखी दिलं. नोकरी गेली, जायलाच हवी होती. तिथून तो तडक मामींकडे गेला. उंबऱ्यातच उभा राहून बोलला, कारण आत जायची हिंमत नव्हती.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आठ महिने लागले तुला?"

बस, एवढंच. त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो.

मामी आत गेल्या, कपाटाचं कुलूप काढलं आणि मामांची वही घेऊन आल्या. "हे गेल्यापासून उघडली नाही मी. दाखव कुठली ओळ ती."

त्याने पान काढलं. त्या पानावर फक्त त्याच एका ओळीपुढे टिक नव्हती, हे त्याने चौकशीत स्वतः पाहिलं होतं.

आता होती. हिरवी. आणि शेजारी मामांच्या बारीक अक्षरात वेळ, दोन चाळीस.

"पेन्सिल कुठे आहे, मामी?"

"त्यांच्या खिशात होती. तशीच त्यांच्याबरोबर जाऊ दिली."

झटपटने त्या खुणेवरून बोट फिरवलं. बोटाला हिरवी भुकटी लागली.