पल्लवीचा न झोपणारा कॉम्प्युटर

मामेबहिणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन हर्षल पंचवटीतल्या त्या छोट्या टायपिंगच्या दुकानात शिरला, तेव्हा दुकानाची मालकीण कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे शांतपणे बघत बसली होती.

"झोपलाय," पल्लवी म्हणाली.

"मग उठवा ना."

"उठत नाही. बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. बसा."

हर्षल मूळचा नामपूरचा. अंबडच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम करायचा. त्याला बसवेना. "मी बघू का?"

पल्लवीने खुर्ची सोडली. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला एकूणच फारसं काही वाटत नसे. दिवसभर लोकांच्या लग्नाचे मुहूर्त टाइप करायचे, वधूवरांची नावं बदलायची, बाकी मजकूर तोच.

हर्षलने पडदा चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवं टाकलं. कॉम्प्युटर एका बोटाच्या स्पर्शाने जागा झाला. पण दोनच दिवसांनी तिचा फोन आला.

"आता उठतो, पण झोपत नाही. झोपवला की थोड्या वेळाने आपोआप जागा..."

तो संध्याकाळी आला. शेजारच्या पिठाच्या गिरणीवरून येताना त्याच्या केसांवर पीठ उडालं होतं. झटकायला तिचा हात उचलला गेला – आणि मग तिने नुसताच रुमाल पुढे केला.

"झोपेत मन लागत नसेल," तो म्हणाला.

"कॉम्प्युटरचं?"

"दुसऱ्या कोणाचं म्हणालो का मी?"

नेटवर्कमुळे जागा होत असेल म्हणून त्याने ते सेटिंग बंद केलं. फरक पडला नाही. पुढच्या खेपेला अपडेटची वेळ बदलली. तरी तेच.

"तुम्हाला खरंच येतं ना हे?"

"कंपनीत येतं... इथे आलं की विसरायला होतं."

पल्लवीने नजर पडद्यावर ठेवली. कान मात्र गरम झाले. मग नेहमीच्याच कोरड्या आवाजात तिने सांगून टाकलं, "रविवारी ओझरचं स्थळ येतंय. मला बघायला."

हर्षलने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. "चांगलं आहे... ओझर काही लांब नाही."

त्यानंतर तो आला नाही. फोनही नाही.

शनिवारी दुपारी तिने कॉम्प्युटर झोपवला आणि हात टेबलावर ठेवून बसली. शेजारी गिरणी सुरू झाली. टेबल थरथरलं, माउस किंचित सरकला – आणि पडदा उजळला! सेटिंगमध्ये शोधून तिने माउसचा कॉम्प्युटरला जागं करायचा अधिकार काढून घेतला. गिरणी घरघरत राहिली, पडदा काळाच राहिला. कीबोर्डवर बोट टेकवलं, तसा तो लगेच उजळला.

काम फत्ते झालं होतं. आता हर्षलला बोलवायचं काही कारणच उरलं नव्हतं. तिने फोन उचलला.

"सापडलं. गिरणीमुळे माउस हलत होता. दुरुस्त केलं मी."

"अरे! हे मला सुचायला हवं होतं. म्हणजे... आता माझं काही काम नाही तिथे."

"नाही."

"बरं."

"हर्षल – काम नसताना येशील का?"

'याल'ऐवजी 'येशील' तिच्या तोंडून गेलं होतं, ते दोघांनीही ऐकलं होतं.

"येस... आतेच येस."

"काय?"

"येतोय! आत्ताच येतोय. गडबडलो की घरची बोली येते तोंडात."

ती हसली, एकटीच, मोठ्याने. मग आईला फोन लावला.

"आई, ओझरच्या लोकांना उद्या येऊ नका म्हणून कळव."

"अगं, पण का? झालं काय?"

"मला एक जण आवडलाय."

"कोण? कुठला? काय करतो?"

दाराबाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. अंबडहून इतक्या लवकर कोणी पोचत नाही. तो जवळच कुठेतरी घुटमळत असणार.

"आई, ठेवते," पल्लवी उठत म्हणाली, "आधी त्याला सांगते, मग तुला."