श्रीमंतचा क्रिस्टल

तिसगावच्या बाजारपेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. आधी मी पलटणीत बिनतारी संच दुरुस्त करायचो. येताना एक क्रिस्टल खिशात घालून आणला. अर्ध्या काडेपेटीएवढी डबी, आत गारगोटीची पातळ चकती.

त्यावर मी सर्किट बांधलं. सेकंदाला दहा लाख वेळा वीज चालू-बंद. चढ नाही, उतार नाही, नुसती चौकोनी लहर. रेडिओच्या डायलवर तिची शिट्टी ठरलेल्या जागीच येते, केसभरही हलत नाही, म्हणून सरकलेला काटा तिच्यावरून बसवता येतो. गिऱ्हाइकं मला म्हणायची, कानिफनाथा, तुझा हात म्हणजे हात. मला ते कौतुक खायला उठायचं.

कारण क्रिस्टल श्रीमंतचा होता. आम्ही एकाच गावचे, एकाच पलटणीतले. एकाहत्तरच्या लढाईआधी त्याच्या तुकडीचा राखीव संच माझ्याकडे तपासायला आला. मी चांगला क्रिस्टल काढून घेतला आणि तडा गेलेला बसवला. म्हटलं, राखीव संच आहे, कोण वापरतंय. तोच संच पाठीवर घेऊन श्रीमंत पुढे गेला. त्याची हाक कुणालाच ऐकू आली नाही, आणि तो परतला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते.

लढाईच्या पुढच्या वर्षी मार्गशीर्षात, भरदुपारी, त्याची आई लंकाबाई रेडिओ घेऊन आली.

"कानिफा, काटा सरकलाय बघ. माझ्या लेकानं घेतलेला हाय ह्यो."

मी सर्किट चालू केलं. शिट्टी आली ती तुटत तुटत. मी सर्किटची बॅटरी काढली. शिट्टी चालूच. क्रिस्टल उपटून फळीवर ठेवला.

चालूच.

ते मोर्स होतं, लांब-आखूड ठोक्यांची तारेची भाषा. चालीवरून माणूस ओळखावा तसा मोर्स वाजवणाऱ्याचा हात ओळखता येतो. शेवटचा लांब ठोका ओढायची खोड एकट्या श्रीमंतची. आधी माझं नाव आलं. मग लांब, आखूड, लांब. माझं संपलं, आता तू बोल, अशी ती खूण.

पुन्हा माझं नाव. पुन्हा तीच खूण.

"सुट्टीवर आला की परातीवर असंच वाजवायचा," लंकाबाई म्हणाली. "तुला तर येतंय हे. काय म्हनतंय रं?"

सांगायची वेळ हीच होती.

"काही न्हाई मावशी. खरखर हाय नुसती."

शिट्टी थांबली.

"बरं," ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली. नजर फळीवरच्या क्रिस्टलवर.

लंकाबाईला अक्षरओळख नाही. सही म्हणून अंगठा देते.

तिचं नख फळीवर ओढलं गेलं. मग बोट टेकलं. मग पुन्हा नख, या वेळी फळीच्या टोकापर्यंत.

लांब, आखूड, लांब.