आबांची गाडी आणि प्रतिभाची शिंक

लाल मिरची असते तिथे उंदीर फिरकत नाही. हे गिरधरआबांचं वचन होतं, आणि नंदुरबारच्या मिरची बाजारात गिरधरआबांचं वचन म्हणजे तराजूचा काटा. त्याला कोणी बोट लावत नसे. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून आलेल्या नातीला, म्हणजे प्रतिभाला, आबांनी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून हे वचन गंभीरपणे ऐकवलं. ऐकवणं चालू असतानाच एक उंदीर खुर्चीखालून शेंगदाणा घेऊन शांतपणे निघून गेला. आबांनी तिकडे पाहिलं नाही. अपवाद हा दुसऱ्यांनी पाहायचा असतो.

वचनामागोमाग काम आलं. गोदामातल्या उंदरांच्या बिळांत बोळे कोंबायचे! प्रतिभाच्या मदतीला दोघे मामेभाऊ होते. तेरा वर्षांचा गोपाळ स्वतःला मुकादम समजायचा आणि त्याचा धाकटा भाऊ भाग्येश स्वतःला गोपाळ समजायचा. बोळा करण्याची रीत आबांच्या वडिलांपासून चालत आलेली. प्लास्टिकच्या तुकड्यात मूठभर सुक्या मिरच्या घ्यायच्या, वरून जुन्या धोतराचं फडकं गुंडाळायचं, आबांची ती खास दुहेरी गाठ मारायची आणि बोळा अंगठ्याने भोकात गच्च दाबायचा.

पहिले काही दिवस प्रतिभाचं नाक गळत होतं आणि शिंका थांबत नव्हत्या. गोपाळने तिचं नाव 'शिंकरी' ठेवलं. हळूहळू नाकाला सवय झाली. पथारीवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या मैदानावर, दूरवर लाल मिरची वाळत पडलेली असायची आणि प्रतिभा तिच्या कडेने इथल्याच मुलीसारखी निवांत फिरायची.

असं सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी आबांची गाडी सुरू होईना.

"खुर्रर्र... खुर्रर्र... खुर्रर्र..."

गाडी जुनी, पांढरी, वयाने गोपाळपेक्षाही मोठी. आत दलसिंगकाका घामाघूम झालेले. ते आबांचे ड्रायव्हर, मूळचे वर धडगावकडचे. गाडीला ते मुलासारखं जपायचे, रोज सकाळी धुवायचे, आणि आज तीच गाडी त्यांना दाद देत नव्हती.

"काय व्हयनं रे?" आबा कडाडले. "सांजले खापर गावना साखरपुडाले जानं शे! मी पाहुणा शे तठे, मुख्य पाहुणा!"

"पाहस आबा."

पण काकांनी गाडी पाहावी एवढा धीर आबांना नव्हता. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक दिवाळीसाठी सासरी गेलेला. त्याने सासऱ्याच्या ओट्यावर बसूनच निदान केलं, "पेट्रोलमा पानी गया व्हई."

"पानी!" आबांनी फोन ठेवला. "दलसिंग! काल गाडी धुताना टाकीनं झाकन उघडं ठेवं तू!"

"नही आबा. झाकन बंद व्हतं."

"मंग पानी काय उडी मारीसन गयं? गाडीले आते हात लावू नको! सांजलोंग गाडी चालू नही व्हयनी, तर सकायपासून येऊ नको!"

दलसिंगकाका गाडीतून उतरले. चावी त्यांनी कचेरीतल्या खिळ्याला अडकवली आणि ते कडुलिंबाखाली जाऊन बसले.

गोदामाच्या खांबामागे प्रतिभा उभी होती. पाणीबिणी काही नाही, गाडी का बंद पडली हे तिला माहीत होतं!

आदल्या दिवशी दुपारी सगळे झोपले असताना तिने ती चावी खिळ्यावरून काढली होती. गाडीत बसून, सीट पुढे ओढून, स्टिअरिंग धरून तिने मनातल्या मनात थेट तोरणमाळचा घाट चढवला होता. घाटाला गाणी हवीतच, म्हणून टेपही लावला होता. एक गाणं, मग अजून एक, मग अजून. दलसिंगकाकांनी आधीच बजावलं होतं, "बेटा, इंजिन बंद ऱ्हायनं का गानं लाऊ नको. बॅटरी उतरी जास."

बॅटरी उतरली होती. प्रतिभाने उतरवली होती. आणि बोलणी खाल्ली काकांनी.

'सांग,' तिचं मन म्हणालं. 'आत्ता सांग!'

'जरा वेळाने,' तिची जीभ म्हणाली.

तेवढ्यात पाठीवर धपाटा बसला. "शिंकरी! ऐकलंस ना?" गोपाळचे डोळे चमकत होते. "दलसिंगकाका झाकण उघडं ठेवणारच नाहीत. यात काहीतरी काळंबेरं आहे. आपण शोध लावायचा!"

"आणि गुन्हेगाराला पकडायचं!" भाग्येश म्हणाला.

"गुन्हेगार कशाला?" प्रतिभाचा आवाज चिरकला. "गाड्या... आपोआपही बंद पडतात की!"

"आपोआप काही होत नसतं. तू नाशिकची, हुशार. तू मुख्य गुप्तहेर!"

अशा रीतीने प्रतिभा स्वतःच्याच मागावर निघाली.

पहिली अडचण म्हणजे आबा. ते गाडीसमोरच खुर्ची टाकून पहारा देत होते. गोपाळने डोकं खाजवलं आणि तो धापा टाकत त्यांच्याकडे गेला.

"आबा! पथारीना पल्ल्याड एक गिऱ्हाईक उभं शे! म्हनस, तुमनी मिर्चीना रंग फिका शे!"

"फिका?" आबा उठलेच! "मन्ही मिर्ची फिकी? कोन शे तो आंधया?" आणि एका पायात चप्पल घालून ते पथारीच्या दिशेने सुटले. दुसरी चप्पल खुर्चीखालीच राहिली.

"खोटं बोललास," प्रतिभा म्हणाली.

"थोडंसंच," गोपाळ म्हणाला. "पथारीला पल्याड आहेच की!"

भाग्येशने चावी आणली. दलसिंगकाका आधी उठायला तयार होईनात. "आबानी सांगं शे, हात लावू नको."

"तुम्ही हात लावू नका काका. नुसतं सांगा, आम्ही लावतो."

यावर काकांना उठावंच लागलं. मुलांच्या हातात गाडी देण्यापेक्षा आबांची बोलणी परवडली.

"आधी बॅटरी बघू," गोपाळ म्हणाला. प्रतिभाने डोळे मिटून घेतले. आता हॉर्न मिणमिणेल, दिवा काजव्यासारखा लुकलुकेल आणि मग सगळे विचारतील, बॅटरी कशाने उतरली?

"पोंऽऽऽ!"

कडुलिंबावरचे कावळे उडाले. दिवे लख्ख लागले. "खुर्रर्र, खुर्रर्र!" इंजिन जोमाने फिरलं, फक्त पेट घेईना.

"बॅटरी तर पैलवान शे," काका म्हणाले.

पैलवान! प्रतिभाला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ नाचलीच. गाडी तिने बिघडवली नव्हती! आणि दुसऱ्याच क्षणी तिची नजर काकांच्या घामेजलेल्या कपाळाकडे गेली. बॅटरी उतरली नाही हे तिला आत्ता कळलं. सकाळी हे माहीत नव्हतं, तेव्हाही ती गप्पच बसली होती.

"मुख्य गुप्तहेर, झोपलीस का?" गोपाळ ओरडला.

"नाही!" आता गाडी सुरू करायचीच, ती मनाशी म्हणाली. निदान तेवढं तरी. "हे बघा, इंजिन म्हणजे चूलच. चुलीला काय लागतं? लाकूड, काडी आणि हवा. इथे पेट्रोल, ठिणगी आणि हवा. तिन्ही तपासू!"

काकांनी मुलांना मागे सरकवलं. एक प्लग खोलून त्यांनी नाकाशी धरला, मग प्रतिभापुढे केला. प्लग ओलाचिंब होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता.

"म्हणजे पेट्रोल पोचतंय!"

"आन् पानी नही," काका म्हणाले. त्यांनी प्लग फडक्याने पुसला, वायरला जोडला, पकडीत धरून गाडीच्या पत्र्याला टेकवला. "फिराव चावी, गोपाळ!"

चट्ट! चट्ट! निळी ठिणगी उडाली.

"ठिणगी आहे!" भाग्येश उड्या मारू लागला.

"मग उरली हवा," प्रतिभा म्हणाली. "काका, इंजिन हवा कुठून घेतं?"

काकांनी हवेच्या डब्याकडे बोट दाखवलं. डब्यातून हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी निघून पुढच्या दिव्यामागे गेली होती. तिथे अंधार होता. प्रतिभाने वाकून सोंडेच्या टोकाशी डोकं घातलं.

"आऽऽऽ... आऽऽऽक्छी!"

"शिंकरी परत सुरू झाली," गोपाळ म्हणाला.

"आऽऽक्छी! थांब, हसू नकोस! मी गोदामात शिंकत नाही, पथारीवर शिंकत नाही. मग इथे का शिंकतेय? आक्छी! इथे मिरची आहे, आणि तीही कुटलेली!"

तिने नाक दाबलं आणि हात आत घातला. बोटांना कापड लागलं. ओढलं. निघेना. गोपाळने तिच्या कमरेला धरलं, भाग्येशने गोपाळच्या. "जोर लगा के!" आणि तिघे एकमेकांवर कोसळले. प्रतिभाच्या मुठीत एक बोळा होता. धोतराचं फडकं, आत प्लास्टिक, दुहेरी गाठ!

मग गोपाळने आणि प्रतिभाने सावकाश भाग्येशकडे पाहिलं.

"मी नाही!" भाग्येशचा चेहरा रडवेला झाला. "आईशप्पथ मी नाही! मी फक्त मोरीजवळची बिळं बुजवली!"

"काय चाली ऱ्हायनं आठे?" मागून गर्जना झाली. आबा परतले होते. एक पाय चपलेत, दुसरा धुळीत. "गिऱ्हाईक नही, काही नही! आन् गाडीले कोनी हात लावा?" मग त्यांची नजर बोळ्यावर गेली आणि त्यांचा पारा आणखी चढला. "अरे! हाऊ बोळा कोनी काढा? काल सांजले बोनेटवर उंदरान्या लेंड्या दिसन्यात. आत दखं, तं हे एवढं मोठं बीळ! मी सोता बुजं व्हतं, अंगठाघाई दाबीसन!"

प्रतिभाने बोळा आबांपुढे धरला.

"आबा," प्रतिभा हळूच म्हणाली, "ते बीळ नव्हतं. ते गाडीचं नाक होतं."

दलसिंगकाकांनी प्लग परत बसवला आणि चावी फिरवली. खुर्रर्र, खुर्रर्र, फट्... फट्... आणि गाडी धडधडू लागली! आबांनी गाडीकडे पाहिलं, बोळ्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ आकाशाकडे पाहिलं.

"तरी म्हनू," अखेर ते म्हणाले, "मन्ही नात शे! नाक पाहा तिन्हं! बाजारमा असं नाक नही!" येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून त्यांनी नातीच्या हुशारीची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत बोळा कोणी कोंबला हा भाग नव्हता. दलसिंगकाकांना ते एवढंच म्हणाले, "सकाय जराक लवकर येजो." आबांना ओळखणाऱ्यांना ठाऊक होतं, त्यांच्याकडे माफी याहून मोठी मिळत नाही.

प्रत्येक 'शाब्बास' प्रतिभाला टोचत होता. शेवटी ती काकांजवळ गेली. ते काच पुसत होते.

"काका, काल दुपारी मी गाडीत बसले होते. गाणी लावली होती. सकाळी मला वाटलं, माझ्यामुळेच बॅटरी गेली. तुम्ही बोलणी खात होतात तेव्हा मी खांबामागे होते. आणि... गप्प बसले."

"माहीत शे."

"माहीत आहे?"

"सीट पुढे सरकेल व्हती. आन् टेपना आवाज इतला मोठा करी ठेवेल व्हता, का सकायले चावी फिरावताच मी दचकनू."

"मग आबांना सांगितलं का नाहीत?"

काकांनी फडकं पिळलं. "तू सांगशी, असं वाटनं माले."

ते रागाने बोलले नव्हते. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. प्रतिभाने दुसरं फडकं उचललं आणि ती मागची काच पुसू लागली. स्वच्छ झाली तरी पुसतच राहिली. मग काकांनी हाक मारली, "बेटा, आते चाकं," आणि ती चाकांकडे वळली.

संध्याकाळी आबा फेटा बांधून खापरला निघाले. जाताना भाग्येशला म्हणाले, "तो बोळा फेकू नको. गोदाममा लावी दे. मिर्चीले उंदीर भ्यास!"

भाग्येशने लावण्याआधी गाठ सोडून पाहिली. एका बाजूने कापड आणि प्लास्टिक व्यवस्थित कुरतडलेलं होतं. आत देठं होती आणि थोडा भुगा.

मिरच्या उंदराने खाल्ल्या होत्या.