चार वाजून दहा मिनिटांनी

"कुणाशी किती वेळ बोलता, ते आधी आठवडाभर लिहून आणा," सिमवाला म्हणाला. "मग ठरवू, प्रीपेड तुम्हाला परवडेल का."

मी खरं तर भुरभुर चुकवायला त्याच्या दुकानात शिरले होते. छत्री लॅबमध्ये विसरले होते. शिरलेच आहे तर विचारून घ्यावं म्हटलं. दर महिन्याला मोबाईलचं बिल भरत होते आणि त्यातलं निम्मं वापरतच नव्हते.

"इतकी चौकशी माझी आई स्थळ बघतानाही करत नाही," मी म्हणाले.

तो हसला. वरचा डावा सुळा किंचित पुढे... छान दिसत होता. माझी नजर आधी दातांवरच जाते, त्याला इलाज नाही. मी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, मी मेणात एकेक दात बसवते. दिवसभर माझ्या टेबलावर वीस-पंचवीस तोंडं आ वासून असतात आणि एकही बोलत नाही.

"मला प्रीपेडच बरं. नको वाटलं की सोडून द्यायचं. बांधून घेणं नाही."

"सगळ्याच बाबतीत असं?" प्रश्न मला होता, डोळे मात्र रजिस्टरमध्ये.

"आजवर तरी..." मी म्हणाले आणि माझे कान तापले.

आठवड्यानं मी यादी घेऊन गेले. त्या दिवशी जरा बरा ड्रेस घातला होता, हे कबूल करते.

"आई, रोज वीस मिनिटं," तो वाचू लागला. "त्यातली अठरा तीच बोलते, असं लिहिलंय."

"एकोणीस. भीड पडली म्हणून अठरा लिहिलं."

"आणि हा कोण? रोज चार वाजून दहा मिनिटांनी?" आवाज सहज होता, पण तितकासाही सहज नव्हता. मला उगीच बरं वाटलं.

"कुणास ठाऊक. तीन-चार महिने झाले. पलीकडून कुणीतरी बोलायला बघतं, पण शब्दच फुटत नाहीत... नुसतं फ... फ... फ. मी कापते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा येतो."

मी त्याच्यासमोर फोनमधला नंबर धरला. त्याचं हसू पुसलं गेलं. त्यानं खालचा खण ओढून रबर लावलेला एक जुना बटणांचा फोन बाहेर काढला. बॅटरी वेगळी काढून ठेवलेली होती.

"हा नंबर माझ्या बाबांचा आहे," तो म्हणाला. "चार महिन्यांपूर्वी गेले ते. रिचार्ज संपला, मी भरला नाही. सिम अजून ह्यातच आहे."

तो आवाज कुणाचा, हे मला त्या क्षणी कळलं.

"ते कवळी करायला टाकून गेले होते का हो? रोज लॅबच्या फोनवर विचारायचे, 'झाली का गं पोरी?' जुनी, तडा गेलेली कवळी लावून बोलायचे. शेवटी मीच त्यांना माझा नंबर दिला. म्हटलं, काका, ह्यावर करा. त्यानंतर ते न्यायला आलेच नाहीत. कवळी माझ्या फळीवर आहे, डबीत, पाण्यात."

"जुनी कवळी इस्पितळात काढून ठेवली होती," तो हळूच म्हणाला. "जाताना तोंड रिकामंच होतं."

तो जुन्या फोनकडे बघत बोलू लागला. "त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मला फोन आला होता. समोर गिऱ्हाईक होतं. मी कापला, 'कामात आहे' असा मेसेज टाकला. संध्याकाळी ते नव्हते... एकदा मला ऐकू द्याल? आज प्लॅन बदलला तर तुमचा नंबर काही तास बंद राहील. पुन्हा तो फोन येईल की नाही, मला सांगता येणार नाही."

मला तेच तर हवं होतं. तो फोन बंद व्हावा, फळीवरची ती डबी दिसू नये, चारच्या पुढे घड्याळाकडे बघायची धास्ती संपावी. आता भीती दुप्पट झाली होती. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणवलं नाही.

"उद्या येते," मी म्हणाले. "कवळी घेऊन."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. काउंटरवर माझा फोन, शेजारी डबी. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. बाबांचा तो जुना फोन बॅटरीविना तिथंच पडून होता.

मी स्पीकर लावला. फ... फ... फ. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं, आणि मी धरू दिलं. दुसऱ्या हातानं मी डबी उघडून फोनशी सरकवली.

आवाज थांबला. पाणी हललं. मग टक्... दातावर दात नीट बसला की होतो, तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"बसली गं पोरी," पलीकडून स्वच्छ आवाज आला. "आणि तू रे... कामात आहेस का?"

तो फोनवर वाकून म्हणाला, "नाही बाबा. बोला तुम्ही."

ते चौदा मिनिटं बोलले. काय बोलले ते त्या दोघांचं, मी सांगणार नाही. मी रडत होते एवढं सांगते. निघताना डबी त्याच्याकडेच ठेवली. प्लॅनचा विषय दोघांनाही आठवला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. पण नंबर दुसराच होता.

"मी बोलतोय," सिमवाला म्हणाला. "दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक म्हणजे... डबी उघडली. पाणी आहे, कवळी नाही."

अंगावर काटा आला. आणि खरं सांगू, थोडा अभिमानही वाटला.

"आणि दुसरी?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी कुणाकडूनच यादी मागत नाही. प्रीपेड तुम्हाला पुरेल, हे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत कळलं होतं. पण तुम्ही पुन्हा यावं, असं वाटलं... नको वाटलं तर सांगा, पुन्हा फोन करणार नाही."

टेबलावरची सगळी तोंडं माझ्याकडे आ वासून बघत होती. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"कामात आहात का?" मी विचारलं.

"नाही."

"मग बोला ना," मी म्हणाले. "मी कापणार नाही."