कवठाच्या छापाचे वीस बोजे

मनकर्णाबाईंच्या पत्राचं उत्तर केशवरावांनी सात वेळा लिहिलं आणि सात वेळा फाडलं होतं.

पत्र कार्तिकात अंजनगाव सुर्जीहून आलं होतं. ‘आमच्या कवठाच्या छापाखाली अकोल्यात कोणी घाण कापूस विकतो, असं ऐकते. छाप माझ्या मालकांनी कोरला. ते गेले, छाप राहिला. तो माझाच आहे, असं सांगणारा कायदा सरकारात आहे काय?’ खाली सहीऐवजी पानासकट काळं कवठ उमटवलेलं.

केशवराव अमरावतीच्या कचेरीतले निवृत्त भाषांतरकार. नव्या फौजदारी कायद्यात व्यापारी छापांवर कलमं होती, ती त्यांनी वाचली होती. पण ती वऱ्हाडात लागतील का? आपण चूक सांगितलं तर? दोन महिने असेच गेले.

१८६४ च्या जानेवारीत मनकर्णाबाईंचा गाडीवान पुंजाराम दारात उभा राहिला. गाडीत एक बोजा होता.

“कारकूनसाहेब, येत्या सोमवारी अकोल्याचे व्यापारी भर बाजारात आमच्या कवठाले डांबर फासनार हायेत. मंग आमच्या बोज्याले कोनी हात लावनार नाही. हा नमुना दाखवाले घेऊन चाललो. बाईनं इचारलं, पत्र भेटलं का?”

केशवरावांना मान वर करता येईना. “भेटलं.”

“मंग?”

“मीही येतो.”

वाटेत पुंजाराम आपले तळवे दाखवत कुरकुरला, “बाई आधी बोजा शिवते, मंग शिवणीवर ठसा मारते. वलं काजळ, वलं तेल. माहे हात कवा गोरे होतीन?”

शुक्रवारी ते अकोल्यात पोचले. मोठे दलाल खुशालराव यांच्या वखारीत वीस बोजे पडले होते. एक फाडलेला. आत ओला कापूस, सरकी, मूठमूठ खडे. बाहेर बारदानावर सुरेख कवठ. त्याच्या मधोमध शिवण गेली होती. एवढ्या घाणीत तिचा दोराच काय तो पांढरा होता.

“कुणी विकले?” केशवरावांनी खुशालरावांना विचारलं.

“येका अनोळखी गाडीवानानं. म्हने अंजनगावचा. कवठ पाह्यलं, पैसे देल्ले.”

“उघडून पाहिलं नाही?”

“आठ वर्सं कवठाचा बोजा घेतांना कोनी उघडून पाह्यला नाही, साहेब. हेच त त्याचं मोल होतं!”

केशवरावांनी पत्रावरचं कवठ बारदानाशी जुळवलं. पानाचं टोक दोन्हीकडे सारखंच तुटकं. तरी कुणीतरी खोटा ठसा कोरला असेल, असं धरून ते दिवसभर सुतारआळीत हिंडले. ठसा मिळाला नाही. शनिवारी कचेरीत गेले.

“छापांची नोंदवही असते का?”

“शेताची असते,” कारकून म्हणाला. “छाप का नांगरून राहिले तुम्ही?”

मागे कुणीतरी हसलं. केशवराव बाहेर पडले. पुस्तकात कायदा होता, गावात तो ठेवायला जागा नव्हती.

गावोगावचे सैल बोजे अकोल्यात किसनरावांच्या दाबावर, म्हणजे कापूस दाबायच्या यंत्रावर, उघडत. तिथे त्यांच्या घट्ट गाठी होत आणि नव्या बारदानात मुंबईला जात. गावात दुसरा दाब नव्हता. रविवारी केशवराव तिथे गेले.

“उतरवलेलं जुनं बारदान कुठं जातं?”

“जयवंताले देतो. थे पोते शिवते.” किसनरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

जयवंता रस्त्यापलीकडे सुई ओवत बसली होती.

“बाई, यंदा बारदान किती मिळालं?”

“चिंधी नाही. किसनराव म्हने, उंदरानं खाल्लं. येवढे उंदीर असते त म्या मांजरीच इकल्या असत्या!”

सोमवारी बाजारात डांबराचं मडकं तयार होतं. केशवरावांचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना फुटलाच नाही.

“मोठ्यानं बोला!” कुणीतरी ओरडलं.

“ठसा खोटा नाही,” ते म्हणाले. “म्हणून मला सापडला नाही. मी चुकीची वस्तू शोधत होतो. पुंजाराम, तुमचा बोजा वखारीतून आणलेल्या या बोज्याशेजारी ठेवा. खुशालराव, दोन्हींवरचा दोरा पाहा.”

खुशालराव वाकले. “याच्या दोऱ्यावर काजळ हाय. त्याच्या दोऱ्यावर नाही.”

“मनकर्णाबाई शिवणीवर ठसा मारतात. कवठाबरोबर दोराही काळा होतो. तुमच्या वीस बोज्यांत कवठ काळं, दोरा पांढरा. म्हणजे ठसा आधी, शिवण नंतर. बारदान त्यांचंच. उसवलेलं, घाण भरून पुन्हा शिवलेलं. उसवलेलं बारदान गावात एकाच जागी जमतं.”

“म्या जयवंताले देल्लं!” किसनराव उठले.

“मले उंदीर सांगतले तुमी,” जयवंता गर्दीतून म्हणाली.

“माळ्यावर पाहा,” केशवराव म्हणाले. “उंदीर असले तर मी खोटा.”

किसनराव निघाले. खुशालरावांनी डांबराचा कुंचा त्यांच्या छातीशी आडवा धरला. घटकाभरात माणसं माळ्यावरून कवठाची तीस बारदानं घेऊन आली. घड्या घातलेली, एकही कुरतडलेलं नाही.

“माल कोन पाह्यतो?” किसनराव पुटपुटले. “सारे कवठच पाह्यतात.”

त्यांना चावडीवर नेलं. डांबर उचललं गेलं. पण पुंजारामचा बोजा तसाच पडून राहिला.

“यंदा लोक कवठाले भिनारच,” खुशालराव म्हणाले. “येक डाव तोंड पोळलं.”

“कार्तिकात हे उघड झालं असतं तर?”

“तवा कोनाले काई माहीतच नव्हतं, साहेब.”

केशवरावांना माहीत होतं.

डाकघराच्या ओट्यावर बसून त्यांनी आठवं उत्तर लिहिलं. ‘कलम वऱ्हाडात लागतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. नोंदवही तर नाहीच. पण लोक ज्या छापावरून तुमचा माल ओळखतात, तो छाप तुमचा. चोर सापडला. यापुढे बोजा उघडला की कवठ मधून कापून बारदान परत मागावं. यंदा तुमचं नुकसान होईल. त्यातले दोन महिने माझे आहेत.’

लिफाफा चिकटवल्यावर ‘ओळखतात’ऐवजी ‘मानतात’ हवं होतं, असं त्यांना वाटलं. डाकमुन्शीनं हात पुढे केला.

“देता का घरी नेता?”

केशवरावांनी लिफाफा सोडला. मुन्शीनं त्यावर धप्पकन ठसा मारला. अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर.